बऱ्हाणपूरहून परतीची वाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, रामराम.

आवडत्या ऐतिहासिक सिनेमांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी मांडतो. 'छावा' बघून तुमचा बारा वर्षांचा मुलगा डोळे पुसत बाहेर आला, घरी येऊन त्याने इतिहासाचं पुस्तक पहिल्यांदा आपणहून उघडलं, आणि मी त्याच सिनेमाला 'खोटा' म्हणून मोकळा झालो. ज्यात अनारकलीच मुळात कल्पित, तो 'मुघल-ए-आझम' मात्र माझ्या यादीत वरच्या जागी. म्हणजे माझी मापं दोन. मराठ्यांनी बऱ्हाणपूरवर घातलेल्या छाप्याचं साल मी 1680 लिहिलं, तेही चुकलं. आणि शेवटी आपल्या अहिराणीत तुम्ही लिहिलंत, 'सिनेमा देखाना ऱ्हास, मोजाना नही.' म्हणजे सिनेमा बघायचा असतो, मोजायचा नसतो.

सालापासून सुरुवात करतो, कारण तिथे वाद नाही. चूक माझी. 1681 च्या जानेवारीच्या मध्यावर रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बऱ्हाणपूरवर छापा पडला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. 'खोटा' हा शब्दही मागे घेतो. जी गोष्ट पोराला पुस्तकापर्यंत नेते तिला खोटं म्हणून झटकून टाकणं बरोबर नव्हतं. रागाच्या भरात लिहून गेलो, आणि तो राग का होता ते नीट सांगितलंच नाही. आज तेच सांगतो.

मी चोपड्याचा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आमच्या गावातूनच जातो. यावल, फैजपूर, सावदा, रावेर, दोन्ही बाजूंना केळीच केळी, उत्तरेला सातपुडा सतत सोबतीला, आणि मग बऱ्हाणपूर. लहानपणी वडिलांबरोबर एसटीने कितीदा गेलो असेन त्याचा हिशेब नाही. त्यामुळे 'छावा'ची सुरुवातच बऱ्हाणपूरने होते म्हटल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो. हिंदी सिनेमाच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर आपल्या मुलखाचं नाव आलं होतं. पुढे जे दिसलं ते मुघलांचा खजिना, तलवारबाजी आणि महाराजांची सिंहाशी झुंज. विकी कौशलने जीव ओतून काम केलंय, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो देखावा संपला तेव्हा लक्षात आलं, की यात बऱ्हाणपूर कुठेच नव्हतं. ते दुसरं कुठलंही शहर असतं तरी काही बिघडलं नसतं.

आता खरं काय घडलं ते बघा. रायगड ते बऱ्हाणपूर हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज एवढी मजल मारून, मुघलांना पत्ता लागू न देता येऊन ठेपली. मुघल सुभेदार खानजहान बहादूर गावात नव्हता. तटाच्या आतलं शहर पडलं नाही. लूट झाली ती तटाबाहेरच्या पुऱ्यांची, त्यातही बहादूरपुऱ्याची, जिथे सावकार-व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. तीन दिवस ती चालली. खबर मिळताच खानजहान औरंगाबादेहून निघाला, फर्दापूरचा घाट उतरून खानदेशात आला, आणि त्याने नेमकी चुकीची वाट धरली. पैसे खाऊन धरली असा बोभाटाही तेव्हा झाला. मराठे लुटीचं ओझं घेऊन चोपड्यावरून साल्हेर किल्ल्याकडे निसटले.

चोपड्यावरून, भाऊ! आमच्या गावावरून.

बऱ्हाणपूर ते चोपडा शंभराच्या वर किलोमीटर, पुढे साल्हेर आणखी दीडशे. ओझ्याने वाकलेली घोडी, डावीकडे तापी, उजवीकडे सातपुडा, पाठीवर मुघल कधी येईल याचा नेम नाही. जानेवारीतली आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. वावरात दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, निसवलेली असते त्या दिवसांत. ही दौड कुणी दाखवली असती तर मी तिकिटाचे दुप्पट पैसे दिले असते. यात सिंह घालायची गरजच नव्हती. येताना पत्ता लागू न देणं अवघड, की लुटीसकट परत जाणं अवघड, हा प्रश्न एकदा मनात आला की सिनेमा आपोआप उभा राहतो. मला इतिहासाचा खरेपणा हवा असतो तो याच्यासाठी. चुका मोजायची हौस मला नाही. जे खरं घडलं ते बहुतेक वेळा रचलेल्यापेक्षा जास्त थरारक असतं, आणि ते सोडून दिलं की मला चुटपुट लागते.

परदेशी सिनेमे मला पवित्र वाटतात असंही तुम्ही सुचवलंय. तसं नाही. 'ब्रेव्हहार्ट' माझ्या यादीत का नाही याचं कारण हेच आहे. 11 सप्टेंबर 1297 ला स्कॉटलंडात स्टर्लिंगला लढाई झाली ती एका अरुंद पुलावर. इंग्रज सैन्य थोडं थोडं करून पूल ओलांडत होतं. पुरेसे लोक अलीकडे आल्यावर स्कॉटांनी पुलाचं तोंड धरलं आणि आलेल्यांना कापून काढलं. थोडक्या लोकांनी मोठं सैन्य कसं हरवलं याचं सगळं गमक त्या पुलात आहे. सिनेमात पूलच नाही. मोकळ्या मैदानात दोन फौजा एकमेकांवर धावून जातात, बस्स. त्यातली राजकन्या इझाबेला तर त्या वर्षी दोन-तीन वर्षांची होती, पण ते मी सोडून देईन. पूल सोडवत नाही. तिथे पूल गेला, इथे चोपड्याची वाट गेली.

उलट 1928 चा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' घ्या. जोनवरचा खटला 1431 मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथे कित्येक महिने चालला होता. दिग्दर्शक ड्रायरने तो जणू एकाच दिवसात घडल्यासारखा आणला. तारखा बघायच्या तर ही मोठीच मोडतोड. तरी तो माझा सगळ्यात आवडता. खटल्याची जी नोंद शिल्लक आहे तिच्यातले प्रश्न आणि उत्तरं त्याने आधाराला घेतली, आणि कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यांवर नेऊन ठेवला. एकोणीस वर्षांची अडाणी पोर, समोर शिकलेले धर्मपंडित, प्रत्येक प्रश्नात सापळा. मूकपट असूनही तिचं उत्तर ऐकू आल्यासारखं वाटतं. तेव्हा मी तारखांवर अडून बसणारा माणूस आहे असं कृपा करून समजू नका.

आता 'मुघल-ए-आझम'. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत, आणि दोन दिवस मी याच मुद्द्यावर विचार करत होतो. 'अकबरनामा'त अनारकली नाही, जहांगीरच्या आत्मचरित्रातही नाही. सिनेमातली बाप-लेकाची समोरासमोरची लढाईही झाली नाही. पण सलीमचं बंड खरं आहे. ते त्याने 1600 मध्ये अलाहाबादेत केलं, आणि तेव्हा अकबर कुठे होता ठाऊक आहे? आपल्याकडे. बऱ्हाणपुरात तळ देऊन जवळचा असीरगड घ्यायच्या खटपटीत. खानदेशचे फारुकी सुलतान, ज्यांनी आधी थाळनेरहून आणि पुढे बऱ्हाणपूरहून दोनशेच्या वर वर्षं राज्य केलं, त्यांचा शेवटचा राजा बहादूरशहा त्या गडावर अडकला होता. जानेवारी 1601 मध्ये गड पडला, सुलतानी संपली, शहजादा दानियालच्या नावावरून मुलखाला 'दानदेश' म्हणू लागले, आणि अकबर घाईने आग्ऱ्याकडे वळला, कारण तिकडे लेक उलटला होता. एक म्हातारा बादशहा दख्खनच्या दारातला अजिंक्य किल्ला मिळवतो त्याच महिन्यांत पोटचा पोर गमावत असतो. के. आसिफच्या सिनेमात यातलं काहीही नाही.

म्हणजे ज्या मापाने मी 'छावा'ला मोजलं त्याच मापाने मोजलं तर 'मुघल-ए-आझम' जास्त उणा ठरतो. हे मला मान्य करायला हवं. तो मला आवडतो तो दुर्गाबाई खोट्यांच्या जोधाबाईसाठी, नवरा आणि मुलगा यांच्या मध्ये उभ्या असलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यासाठी. आवडतो हे एक आणि खरा आहे हे दुसरं. लेखात मी दोन्हींची गल्लत केली. यादीतून तो काढणार नाही, पण त्याच्याखाली असीरगडाची हकिगत जोडणार आहे.

आता ज्यामुळे मला राग आला होता ते. 'छावा' फेब्रुवारी 2025 मध्ये आला. मार्चच्या सुरुवातीला असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री विजेऱ्या, कुदळी आणि धातू शोधायची यंत्रं घेऊन शेतं खोदताना दिसले. मुघलांचं सोनं पुरलेलं आहे असं सिनेमा बघून डोक्यात बसलं, त्यात रस्त्याच्या कामाच्या मातीत नाणी सापडल्याची अफवा. ते चित्रण तुम्हीही मोबाईलवर बघितलं असेल. ज्या शेतकऱ्यांची वावरं होती त्यांनी सकाळी उठून काय बघितलं असेल? खड्डे. ते लोक मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. त्यांना पडद्यावर बऱ्हाणपूर म्हणजे खजिना एवढंच दाखवलं गेलं होतं, आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. तुमचा मुलगा पुस्तकाकडे वळला, ते कुदळीकडे. दोघांनी एकच देखावा बघितला होता.

सिनेमा यायच्या आधीही वाद झाला होता, आठवतो ना? महाराज आणि येसूबाई लेझीम खेळतात त्या प्रसंगावरून. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंग काढून टाकला. त्या आधी 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानीच्या पिंग्यावरून गदारोळ झाला होता. कुणी नाचावं, कुणी नाचू नये यावर आपण रस्त्यावर येतो. ज्या शहरातून शेकडो वर्षं कापड आणि जरीचा माल बाहेर गेला, ज्याच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, जिथे सातपुड्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणलं, ते शहर पडद्यावर नुसती तिजोरी होऊन जातं, त्यावर एक माणूस बोलत नाही.

आणि त्या शहरातल्या माणसांनी नंतर जे केलं ते तर कुठल्याही पटकथेला पुरेल. छाप्यानंतर तिथल्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला अर्ज लिहिला: आमच्या जिवाची, मालाची, अब्रूची राखण होणार नसेल तर आम्ही शुक्रवारची नमाज बंद करू. बादशहाच्या नावाने खुतबा, म्हणजे प्रवचन, पढला जातो त्या नमाजेवर बहिष्काराची धमकी, तीही औरंगजेबाला! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. बंड करून दख्खनेत उतरलेला त्याचा मुलगा शहजादा अकबर हे त्याचं मोठं कारण होतंच. पण त्या अर्जाचा प्रसंग विचार करून बघा. लुटलेल्या पेढीत दिवा लावून बसलेले चार जण, बाहेर रडारड, आणि कागदावर काय लिहावं, किती कडक लिहावं यावर चाललेला खल. हा प्रसंग दाखवला असता तर महाराजांचा पराक्रम कमी झाला असता का? माझ्या मते छाप्याचा घाव किती खोल गेला ते तिथेच कळलं असतं.

सिनेमा बघायचा असतो, मोजायचा नसतो, हे तुमचं वाक्य मला पटतं, भाऊ. फक्त जे बघायला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, एवढीच माझी तक्रार होती. ती मी आधी धड मांडली नाही.

एक विनंती आहे. येत्या जानेवारीत मुलाला घेऊन बऱ्हाणपूरला जा, आणि आमच्या रस्त्याने जा. त्याला कुंडी भंडारा, म्हणजे ते जमिनीखालचे पाण्याचे बोगदे, दाखवा, जामा मशिदीतला तो लेख दाखवा, आणि जमलं तर असीरगड चढा. परतताना याच वाटेने मराठी फौज गेली हे त्याला गाडीतच सांगा, म्हणजे तो खिडकीबाहेर नीट बघेल. चोपड्यात आलात की निरोप द्या. घर रस्त्यालाच आहे. भरीत आणि कळण्याची भाकरी तयार ठेवतो.