फेज कुठवर आली?

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सिरीज आणि पॅरलल फार सुबक दिसतात. तीन रोध एका ओळीत उभे केले की एकसर जोडणी, एकाखाली एक रचले की समांतर. खाली दोन सूत्रं, त्याखाली सोडवलेलं उदाहरण. आकृतीतल्या तारा शहाण्यासारख्या काटकोनात वळतात. त्यांना गाठी पडत नाहीत, त्यांच्यावर मागल्या वर्षीची चिकटपट्टी नसते आणि कुठल्याही रोधाला वाळलेली झेंडूची पाकळी चिकटलेली नसते. ही विद्या खरोखर शिकायची असेल त्याने हरतालिकेच्या संध्याकाळी आमच्या घरी यावं.

सकाळी गणपती बसायचा असतो. पुठ्ठ्याचं मखर अर्धंच चिकटलेलं असतं. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, निर्जळी उपास असतो, त्यामुळे त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी माळ्यावरून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातली ती माळ खाली येते. सासऱ्यांनी, अण्णांनी, ती फार वर्षांपूर्वी पुण्याच्या तपकीर गल्लीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, घासाघीस करून आणली. हिरवी वायर, तांदळाच्या दाण्याएवढे दिवे, सगळे सिरीजमध्ये, म्हणजे एक गेला की सगळे विझतात. नवी एलइडीची माळ आणू म्हटलं की अण्णा म्हणतात, "हिचा उजेड बघ. जुना माल आहे. वर्षागणिक जास्तच उजळते."

हे खरं आहे. ती वर्षागणिक जास्त उजळते, आणि त्यामागचं कारण अंगावर काटा आणणारं आहे.

यंदा माळ लावली, बटण दाबलं, ढिम्म. नवऱ्याने स्टूल ओढलं. त्याची पद्धत वडिलोपार्जित आहे: डब्याच्या तळाशी असलेला एक चांगला दिवा घ्यायचा, माळेतला पहिला दिवा उपटायचा, तिथे चांगला खोचायचा, माळ लागते का बघायचं. नाही लागली तर जुना परत, पुढचा दिवा. जपमाळ ओढावी तसा तो शेवटच्या दिव्यापर्यंत गेला आणि माळ काही लागली नाही. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या पद्धतीत एक गृहीत आहे, मेलेला दिवा एकच असण्याचं. दोन गेले असतील तर एकाच्या जागी चांगला खोचला तरी दुसरा वाट अडवून बसलेलाच असतो. मग माणूस जन्मभर दिवे बदलत बसला तरी अंधारच.

नणंदेची मुलगी सई या वर्षी नववीत आहे. धाराविद्युतचा धडा तिचा ताजा होता आणि तोंडही ताजंच होतं. "मामा, मध्यापासून बघ ना! फेज कुठवर आलीय ते टेस्टरने कळेल."

फेज म्हणजे ज्या तारेतून वीज येते ती, आणि ती पोचली का हे पेटून सांगणारा टेस्टर माझ्याकडे असतो. या घरात टेस्टर आणि कात्री या दोन वस्तू जिथल्या तिथे सापडाव्यात म्हणून मी त्या लपवून ठेवते. कोरडे हात, पायात चप्पल, एका वेळी एकच हात, आणि सईला हात मागे बांधून उभं केलं. मधला दिवा अलगद उपटला. दिव्याच्या बुडाला केसासारख्या दोन तारा दुमडलेल्या असतात आणि होल्डरच्या आत दोन इवल्या पितळी पट्ट्या. दोन्ही पट्ट्यांना टेस्टर लावला. अंधार. म्हणजे फेज इथवर पोचलेलीच नाही, गडबड फेज शिरते त्या अर्ध्यात आहे. दिवा परत खोचून त्या अर्ध्याचा अर्धा. इथे एका पट्टीला टेस्टर पेटला. आता त्याच्या पुढचा अर्धा. असं करत करत असा दिवा सापडतो ज्याच्या होल्डरमध्ये टेस्टर लागतो, पण तो परत खोचल्यावर लगेच पुढच्या होल्डरमध्ये लागत नाही. तोच मेलेला.

"आणि दुसरा?" नवऱ्याने विचारलं. त्याला दुसरा हवाच होता, मघापासूनचे कष्ट वाया गेले नाहीत हे सिद्ध करायला.

सईने दोन पायांची पिन काढून उलटी खोचली. आता फेज माळेच्या दुसऱ्या टोकाने शिरली. पुन्हा अर्ध्याचा अर्धा, आणि दुसरा मेलेला तिकडून सापडला. नवरा स्टुलावरून असा उतरला जणू पिन उलटी करण्याची कल्पना त्याचीच होती.

"मामी, टेस्टर पेटतो तेव्हा करंट तुझ्यातून जातो?" सईने विचारलं. जातो. टेस्टरच्या मागच्या टोकावर बोट ठेवल्याशिवाय तो पेटतच नाही, कारण परिपथ आपल्या अंगातून पुरा होतो. टेस्टरच्या पोटात एक लाखो ओहमचा रोध बसवलेला असतो म्हणून तो करंट मिलिअँपिअरच्याही अंशाइतका राहतो आणि आपण पुढचं बोलू शकतो. म्हणजे मेलेला दिवा शोधायला निघालेली बाई स्वतःच सिरीजमध्ये लागलेली असते. हे ऐकून आईंनी उपासाच्या दिवशी असलं काही न करण्याबद्दल सुचवलं.

त्याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. विझलेली माळ थंड असते म्हणून लोक ती निर्धास्त हाताळतात. पण करंट वाहत नाही म्हटल्यावर धडधाकट दिव्यांच्या वाट्याला व्होल्टेज शून्य, आणि दिवा एकच गेला असेल तर सगळेच्या सगळे २३० व्होल्ट त्या मेलेल्या दिव्याच्या दोन टोकांत ठाण मांडून बसलेले. अमेरिकेतल्या नाताळच्या माळांमध्ये याचाच फायदा घेतात. तिथल्या छोट्या दिव्यात फिलामेंटच्या बुडाशी एक बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्यावर अवरोधक थर असतो. फिलामेंट तुटलं की पूर्ण व्होल्टेज त्या तारेवर येतं, थर फुटतो, तार जोडली जाते, आणि मेलेला दिवा उरलेल्यांसाठी स्वतःच पूल होतो. झाडावर विजेचे दिवे लावण्याची हौस मुळात तिथलीच. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या घरी झाडावर लाल, पांढरे, निळे मिळून ८० दिवे लावले. त्याच्या घरी टेस्टर कोण धरत होतं, इतिहासाला माहीत नाही.

आमच्याकडे पूल अण्णा बांधत. दिवा गेला की नवा आणायचा नाही. होल्डर कापायचा, दोन तारा सोलून पिळायच्या, वर चिकटपट्टी. माळ लागली! मुळात तिच्यात ४० दिवे होते. २३० भागिले ४०, प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट. सईने चिकटपट्ट्या वगळून मोजले, ३२ उरले होते. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर सात व्होल्टच्या वर. त्यामुळे उजेड जास्त, त्यामुळे आयुष्य कमी, त्यामुळे पुढच्या वर्षी आणखी दोन गेले, आणि उरलेले आणखी झळाळले. अण्णा ज्याला जुना माल म्हणत होते ती मरणाची घाई होती.

सईने हे आजोबांना वहीवर भागाकार करून दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून भागाकार तपासला, बरोबर असल्याचं मान्य केलं, आणि म्हणाले, "पण उजेड जास्त आहे ना?"

मग त्यांनी सूड म्हणून आपला सिरीज बोर्ड काढला. लाकडी फळी, दोन होल्डर, एकामागून एक जोडलेले. "सांग, १०० चा आणि ४० चा बल्ब सिरीजमध्ये लावला तर जास्त कोण उजळेल?" नवरा तत्काळ म्हणाला, शंभरचा. बटण दाबलं. ४० चा छान पेटला आणि १०० च्या पोटातली तार जेमतेम लालसर झाली. कमी वॅटच्या बल्बचा रोध जास्त. सिरीजमध्ये करंट सगळ्यांतून सारखाच जातो, पण जो जास्त विरोध करतो तो जास्त तापतो. सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणाऱ्यांना हा नियम पुस्तक न उघडता ठाऊक असतो.

एलइडीची माळ या सगळ्यातून सुटलेली आहे असं कोणी समजू नये. तिच्यातही दिव्यांचे गट सिरीजमध्ये असतात आणि ते गट आपसात पॅरलल. म्हणून ती पूर्ण मरत नाही, मधलाच हातभर तुकडा जातो. आणि तो नेमका गणपतीच्या मुकुटावर येतो.

शेवटी सईच्या दप्तराच्या जोरावर तपकीर गल्लीतून सुटे दिवे आले, मेलेल्या दोघांच्या जागी नवे बसले, माळ पेटली. आईंनी देवाला आणि टेस्टरला एकदमच हात जोडले.

घराचं वायरिंग पॅरलल असतं म्हणून मिक्सर बंद केल्यावर फ्रीज बंद पडत नाही, प्रत्येकाला आपापले २३० व्होल्ट मिळतात. पुस्तक इथे थांबतं. करंटची बेरीज होत जाते हे पुस्तकात असतं, पण ती बेरीज घरात कोणी करत नाही. रात्री इंडक्शनवर सारणासाठी गूळ-खोबरं चढलं, २००० वॅट. नणंदेने चहाची इलेक्ट्रिक किटली लावली, १५००. खोबऱ्याचा शेवटचा घाणा मिक्सरमध्ये, ७५०. आतल्या खोलीत कोणीतरी इस्त्री, १०००. सगळं आमच्या एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर, आणि बेरीज जवळजवळ २३. एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा खटका, अशा वेळी लगेच पडत नाही. त्याच्या पोटातली द्विधातूची पट्टी तापत, वाकत, थोडा वेळ विचार करते. मग खटकन.

स्वयंपाकघर गेलं, हॉल गेला, मखर काळं झालं. नवरा अंधारात स्टूल चाचपत होता. "परत माळ गेली! मी म्हणालोच होतो." तो वर चढला, मोबाइलची बॅटरी दातात धरली आणि पहिला दिवा उपटला.

"मामा," सई खालून म्हणाली, "आधी पंखा फिरतोय का बघ. सगळं घर पॅरलल असलं तरी एमसीबी सगळ्यांच्या सिरीजमध्ये असतो."

तोवर तो तिसऱ्या दिव्यापर्यंत पोचला होता. या वेळेला इस्त्री कोणाची चालू होती, असा प्रश्न आईंनी पाटावरून विचारला. नणंद आत जाऊन कुर्ता घेऊन आली. कुर्ता स्टुलावरच्या माणसाचाच होता.