भाले थांबले, पण जमीन?

"नवऱ्याला ज्यांनी भाल्यानं भोसकलं, त्यांच्याच शेजारी ती बाई लेकीला घेऊन राहिली. याच्यावर बोल ना!" नेल्सन मिलिंदवर चांगलाच तापला होता. नेल्सन वसईचा, घरात चर्च-प्रार्थना नेमानं. मिलिंदचं म्हणणं, मिशनरी जंगलात गेले की जंगलातली माणसं संपलीच. तलावपाळीच्या कट्ट्यावर काल तासभर हेच चाललं होतं.

विषय इक्वेडोरच्या जंगलातल्या वाओरानी आदिवासींचा. नेट सेंट हा मिशनरी वैमानिक विमानातून लांब दोरीनं बादली खाली सोडायचा. विमान वर घिरट्या घालायचं आणि बादली खाली जवळजवळ एका जागी थांबायची. तिच्यातून कोयते, भांडी जायची. एकदा उलट पोपट वर आला. तरी ८ जानेवारी १९५६ ला कुराराय नदीच्या वाळूवर नेट आणि त्याचे चार सोबती मारले गेले. १९५८ मध्ये नेटची बहीण रेचल, मृतांपैकी जिम एलियटची पत्नी एलिझाबेथ आणि तिची तीन वर्षांची मुलगी त्याच लोकांत राहायला गेल्या. बिनभिंतींच्या झोपडीत.

"बोलावलं कुणी त्यांना?" मिलिंद.

"दायुमानं! वाओरानीच होती ती. घरच्यांचे खून झाले म्हणून पळालेली."

हे खरंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाओरानीच वाओरानींना सुडानं मारत होते, ते या बायका गेल्यावर झपाट्यानं कमी झालं. बाहेरच्यांवरचा रागही उगाच नव्हता. रबरवाल्यांनी माणसं गुलाम म्हणून पळवली होती.

"आणि तेलाचं काय?" वर्षानं मध्येच विचारलं. ती नर्स आहे, तिचा मुद्दा वेगळाच निघाला. नेट राहायचा ते गाव शेल कंपनीनं वसवलेलं, धावपट्टीही तिचीच. पुढे साठीच्या दशकात रेचलनं विखुरलेल्या टोळ्या तिवेनो या वस्तीत एकत्र आणल्या, त्यात तेल कंपन्यांनी मदत केली, कारण त्यांना रान मोकळं हवं होतं. १९६९ मध्ये तिथे पोलिओ पसरला. "लस न टोचलेली माणसं दाटीवाटीनं एकत्र आणली की हेच होणार रे. माणसं गेली, कित्येक पांगळी झाली." त्याच वर्षी सरकारनं त्यांच्या मूळ मुलखाचा लहानसा तुकडा राखीव म्हणून आखून दिला.

"रेचलच्या मनात तसं नव्हतं," नेल्सन म्हणाला.

नसेलही. तीस-पस्तीस वर्षं ती त्यांच्यात राहिली, १९९४ मध्ये वारली. तिच्या मायेवर मी शंका घेणार नाही. पण माझं मत ठाम आहे: एलिझाबेथच्या क्षमेची गोष्ट जगभर सांगताना तिवेनोची गोष्ट गाळायची, हे वाओरानींवर अन्याय करणं आहे. खून थांबले आणि जमीन गेली, दोन्ही एकाच काळात, एकाच माणसांच्या हातून.

मिलिंद खूश झाला तसं वर्षानं त्यालाही सोडलं नाही. "तू म्हणतोस ते संपले. कुठे संपले? २०१९ मध्ये त्यांनी सरकारला कोर्टात हरवलं. १ लाख ८० हजार हेक्टर जंगल तेलाच्या लिलावातून सोडवलं. त्यांच्यातलीच नेमोंते नेंकिमो पुढे होती."

"ती मिशनऱ्यांकडेच शिकली ना?" नेल्सन.

"शिकली. पण लढली ती आपल्या लोकांसोबत, आपल्या जंगलासाठी. ते श्रेय मिशनला कसं देतोस?"

यावर नेल्सन अजून भांडतोय. आज संध्याकाळी परत येणार आहे म्हणे.