घोटा म्हणजे गुडघा नव्हे: एका ढकलपत्राला उत्तर

घोटा बदलण्याच्या ऑपरेशनबद्दल एक ढकलपत्र सध्या आपल्याकडे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरतं आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर आहे, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: घोटा बदलणं हे गुडघा बदलण्यासारखंच, दुसऱ्या दिवशी चालवतात आणि महिन्याभरात स्कूटर हातात येते. नवा सांधा जन्मभर पुरतो. डॉक्टर सांधा जोडून टाकायचं जुनं ऑपरेशन सुचवत असेल तर नकार द्या, पाय लाकूड होतो. फिजिओकडे जाणं म्हणजे पैशांची नासाडी, घरी खोबरेल तेलाने मालीश केलं की झालं. आणि सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर एक पैसाही लागत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, फोंडा तालुक्यात काम करते. ऑपरेशन झालेले पाय पुढचे कित्येक महिने माझ्यासारख्यांकडेच असतात, आणि हे पत्र वाचून आलेल्या माणसांच्या अपेक्षाही. म्हणून एकेक दावा घेते.

गुडघ्याचं उदाहरण लोकांना पटतं, कारण गुडघे बदललेली माणसं आता वाड्यावाड्यावर दिसतात. पण गुडघा बहुतेकांचा वयोमानाने झिजतो. घोट्याचं तसं नसतं. घोट्याचा संधिवात झालेल्या दहांपैकी साधारण सात-आठ जणांना आधी कधीतरी दुखापत झालेली असते. मोटारसायकलवरून पडून हाड मोडलेलं असतं, नाहीतर फुटबॉल खेळताना घोटा पुन्हा पुन्हा मुरगळलेला असतो आणि त्याकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं. दुखणं वर येतं ते दहा-वीस वर्षांनी. त्यामुळे हा रुग्ण बऱ्याचदा कामाच्या वयाचा असतो आणि नव्या सांध्याकडून त्याला पुढची कितीतरी वर्षं काम हवं असतं. शिवाय चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास पाचपट भार येतो, आणि तो पेलणारा पृष्ठभाग गुडघ्याच्या मानाने बराच लहान. नडगीचं हाड वरून, तिच्या बाजूचं बारीक हाड बाहेरून आणि खाली घोट्याचं हाड, अशा तिघांच्या खाचेत हा सांधा बसतो. त्या खालच्या हाडाला रक्तपुरवठाही बेताचाच.

दुसऱ्या दिवशी चालवतात, हे तर सरळ चूक. गुडघा बदललेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, वॉकर धरून पूर्ण वजनावर उभं करतात. घोट्याच्या माणसालाही पलंगावरून उठवतात, पण ऑपरेशनचा पाय जमिनीला न टेकवता, कुबड्यांवर. पहिले दोन आठवडे पाय प्लास्टरमध्ये किंवा पट्टीत असतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा असतो. दोन-तीन आठवड्यांनी टाके निघतात आणि आधाराचा बूट येतो. पायावर वजन टाकायला कुणी सर्जन तेव्हाच थोडी सुरुवात करू देतात, कुणी सहा आठवडे थांबवतात. ते हाडांवर आणि सोबत आणखी काय केलं आहे त्यावर ठरतं. टाचेमागची स्नायूची दोरी आखडली असेल तर त्याच वेळी ती लांबवावी लागते, मग हिशेब बदलतो. शेजारच्याला कधी चालवलं हे विचारून काही उपयोग नाही.

उशांवर पाय हा आराम नाही, तो उपचार आहे. या ऑपरेशनची चीर बहुतेक वेळा घोट्याच्या पुढच्या बाजूने, उभी देतात. तिथे स्वतःच्या पायावर बोट ठेवून पाहा. कातडी पातळ, खाली चरबी जवळजवळ नाही, लगेच स्नायूंच्या दोऱ्या हाताला लागतात. पाय खाली लोंबकळला की सूज वाढते, सुजलेली कातडी ताणते आणि टाक्यांच्या कडा काळपट पडू लागतात. जखम उघडली तर जंतू सांध्यापर्यंत जायला फार अंतर नसतं. सोप्यावर पाय सोडून बसलेला रुग्ण आणि भोवती चौकशीला आलेले सोयरे हे दृश्य दिसलं की माझा जीव खाली-वर होतो. लोक प्रेमाने येतात, पण त्या पंधरा दिवसांत रुग्णाला आडवंच राहू द्या. सिगारेट, विडी, तंबाखू यांतलं काहीही जखम भरू देत नाही, आणि मधुमेह असेल तर साखर ऑपरेशनच्या आधीपासूनच आटोक्यात हवी. मधुमेहाने पावलाची संवेदनाच गेली असेल तर बहुधा हा सांधा बसवतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता तेलाचं मालीश. या पत्रातली सर्वांत धोक्याची ओळ ही. ताज्या जखमेजवळ तेल, हळद, हाडवैदाचा लेप यांतलं काहीही लावायचं नाही. याहून मोठी भीती पोटरीची. पाय हलत नसतो तेव्हा पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून तर अनेकांना रक्त पातळ ठेवायची गोळी किंवा इंजेक्शन देतात. पोटरी दुखते म्हणून कुणी ती रगडून काढली आणि आत गुठळी असली, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, दुखरी आणि गरम लागली तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर 108 ला फोन करायचा. उद्यावर टाकायचं नाही. जखम पूर्ण भरल्यावर व्रणाच्या कडेने हलक्या बोटांनी मालीश जरूर असतं, पण ते कधी आणि कसं, हे दाखवून घ्यावं लागतं.

मग फिजिओ करतो तरी काय? पहिला धडा टाचेचा असतो. वर्षानुवर्षं दुखरा घोटा वाचवत चाललेला माणूस टाच टेकवायला विसरलेला असतो. पाऊल बाहेर वळवून, गुडघा ताठ ठेवून, कुल्ल्यातून पाय फेकत तो चालतो. सांधा नवा बसला तरी ही चाल जुनीच राहते. ती मोडायची म्हणजे आरशासमोर उभं करून, टाच आधी, मग तळवा, मग अंगठा, असं शंभरदा करून घ्यायचं. सुकलेली पोटरी पुन्हा भरायला महिने जातात. एका पायावर तोल सावरणं शिकवावं लागतं, आधी ओट्याला धरून, मग एका बोटाच्या आधाराने. वाकण्याचं माप घेत राहावं लागतं. नवा सांधा शक्यतो आहे ती हालचाल राखतो, थोडीशी वाढवतो, पण वीस वर्षं आखडलेला घोटा एकदम पहिल्यासारखा वाकत नाही. उकिडवं बसता येईल अशी आशा ठेवू नये. सूज संध्याकाळी येत राहते, सहा महिने, काहींना वर्षभरही. त्यात घाबरण्यासारखं नाही. पाय खरा कसा झाला हे वर्षाने कळतं.

आणि आपली घरं. अंगणातून सोप्यावर चढायला चिऱ्याच्या उंच पायऱ्या, मग उंबरठा, मग न्हाणीची ओली फरशी. ऑपरेशनच्या आधीच घर एकदा वॉकर घेऊन चालून पाहावं. पलंग खाली आणावा, न्हाणीत खुर्ची आणि धरायला दांडा बसवावा. पावसात ऑपरेशन केलं तर जखम पिकते असंही लोक म्हणतात. पट्टीखालच्या जखमेला ऋतूचं काही नसतं. शेवाळलेल्या अंगणात कुबडी घसरते, धोका तिथे आहे.

स्कूटरचं सांगते. बिनगिअरच्या स्कूटरला पायाचा ब्रेक नसतो, म्हणून लोकांना ती सोपी वाटते. पण सिग्नलला गाडीचं आणि स्वतःचं वजन एका पायावर तोलावं लागतं आणि घसरताना नेमका तोच पाय पुढे जातो. महिन्याभरात बहुतेक माणसं बुटातच असतात. मोटारसायकलला उजव्या पायाचा ब्रेक, डाव्याचा गिअर. चारचाकीतही उजवा घोटा असेल तर साधारण दोन ते तीन महिने आणि सर्जनचा होकार, दोन्ही हवेत. पुढे चालणं, पोहणं, सायकल हे सगळं चांगलं. फुटबॉल आणि धावणं नाही. चवथीची फुगडीही नाही, कारण तिच्यातली उडी आणि गिरकी दोन्ही सांध्याला मारक. आरतीला उभं राहता येतं, देवळाच्या पायऱ्या चढता येतात, आणि ज्यांना दोन वर्षं तेही जमत नव्हतं त्यांना त्याची किंमत कळते.

जन्मभर पुरतो, या दाव्याला इतिहासच उत्तर देतो. 1970 च्या दशकात बसवलेले पहिले कृत्रिम घोटे इतके सैल झाले की बऱ्याच सर्जननी ते बसवणं सोडून दिलं. आताच्या बनावटी कितीतरी चांगल्या आहेत. तरीही दहा वर्षांनी जागेवर टिकलेले सांधे साधारण शंभरात 80 ते 90, गुडघ्याचे 95 च्या आसपास. सैल झालेला घोटा पुन्हा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण तोवर हाड कमी झालेलं असतं. पंचेचाळिशीच्या, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाने हे आकडे ऐकूनच होकार द्यावा.

याच कारणाने सांधा जोडण्याच्या ऑपरेशनला नावं ठेवणारी ओळ मला सहन होत नाही. यात घोट्याची हाडं स्क्रूने एकत्र धरून एकजीव होऊ देतात. वेदना जिथून येते तो सांधाच राहत नाही. पाय लाकूड होत नाही, खालचे आणि पावलाच्या मधले सांधे हलतात, सपाट रस्त्यावर बऱ्याच जणांची चाल पाहून काही केलं आहे हे कळतही नाही. ब्रिटनमध्ये 303 रुग्णांवर दोन्ही ऑपरेशनांची समोरासमोर तुलना झाली, निष्कर्ष 2022 मध्ये आले. वर्षभराने दोन्ही गटांची वेदना आणि चालणं भरपूर सुधारलं होतं आणि दोघांत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. त्रास मात्र वेगवेगळे. सांधा बदललेल्यांत जखमेच्या तक्रारी शंभरात साधारण 13, जोडलेल्यांत 6 च्या घरात. उलट जोडलेल्यांपैकी शंभरात सुमारे 12 जणांची हाडं नीट जुळली नव्हती. चढउतारावर जोडलेला पाय अडखळतो आणि वर्षांनंतर शेजारच्या सांध्यांवर ताण येतो, हेही खरं. म्हणजे निवड माणसागणिक आहे. डॉक्टरांनी जोडायला सांगितलं तर ते जुन्या वळणाचे, असा अर्थ काढू नका. कारण विचारा.

कार्डाविषयी. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांची मर्यादा आहे. मर्यादा आहे म्हणजेच सगळं फुकट नाही. हे ऑपरेशन आणि त्यातला सांधा यादीत बसतो का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयाच्या योजना खिडकीवर लिहून घ्या. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात, अस्थिरोग विभागात आधी दाखवून मत घ्या, आणि कुठल्याही सर्जनला वर्षाला तुम्ही किती घोटे करता हे विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन रागावत नाही.

मुंबई-पुण्याला जाऊन ऑपरेशन करणारेही आहेत. त्यांनी परतीच्या प्रवासाचा आणि पहिल्या महिन्याच्या तपासण्यांचा विचार तारीख घेण्याआधी करावा. बसमध्ये किंवा गाडीत रात्रभर पाय खाली सोडून येणं त्या जखमेला परवडत नाही. पट्टी कोण बदलणार, टाके तिथे निघणार की इथे, जखम ओली दिसली तर रात्री कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून घ्या, आणि ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं याचा तपशील असलेलं पत्र इथल्या फिजिओसाठी मागून आणा. ते पत्र हातात नसेल तर मला पाय कितपत वाकवायचा हे अंदाजाने ठरवावं लागतं, आणि अशा पायावर अंदाज चालत नाही.