डोकं शाबूत ठेवून वाचायचं कसं?

वाचन वाईट नाही, बरं का. वाईट काय, तर वाचल्यावर डोक्यात काहीतरी हलतं ते. तेवढं सांभाळलं की खुशाल वाचा.

वाचनालयात गेलात की पहिल्यांदा लेखकाचं आडनाव बघा. आडनावावरून जात कळते, जातीवरून मत कळतं, आणि मत कळलं की तीनशे पानांचा ताप वाचतो. काही लबाड लेखक आडनावच लावत नाहीत. त्यांचं मलपृष्ठावरचं गाव बघावं. तालुका कळला तरी भागतं.

नरहर कुरुंदकरांपासून मात्र लांब राहा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे हे प्राचार्य पक्के नास्तिक, तरी मनुस्मृतीवर बोलायचं तर आधी मनुस्मृती वाचून बोलायचे. ज्याला विरोध करायचा तेच वाचत बसायचं, ही काय रीत झाली? 1982 मध्ये गेले तेही औरंगाबादेत, व्याख्यानाच्या व्यासपीठावर. सवय शेवटपर्यंत सुटली नाही. तुम्ही आपली त्यांची जयंती करा. फोटो, हार, चहा. पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सचिवांकडे आणि सचिव लग्नाला गेलेले, अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी असतेच.

एकनाथांचंही तसंच. नाथषष्ठीला पैठणला जरूर जा, रांगेत उभे राहा, प्रसाद घ्या. फक्त त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' उघडू नका. उघडलाच तर अर्ध्यावर थांबा. दोघं एकमेकांच्या धर्माची मनसोक्त उणीदुणी काढतात तिथवर झकास आहे. आपल्या बाजूची वाक्यं तर थेट स्टेटसला ठेवण्यासारखी. पुढं मात्र दोघांचं पटतं. सोळाव्या शतकात! पटवून घ्यायची एवढी घाई कशाला होती, नाथच जाणोत.

राहता राहिली उर्दू. तिला अगदीच वाळीत टाकू नका, निझामाच्या राज्यातली जुनी कागदपत्रं तिच्यात आहेत. जमिनीच्या जुन्या नोंदींत पणजोबांचं नाव शोधायचं असलं, की गल्लीतल्या उर्दू वाचणाऱ्या चाचांना अदबीनं घरी बोलवावं, पंख्याखालची खुर्ची द्यावी, चहा दोनदा पाजावा. नाव सापडलं, की त्या पानाची झेरॉक्स काढावी. चाचा खुशीत येऊन सिराज औरंगाबादींचा एखादा शेर ऐकवायला लागले, तर तिथंच उठावं. तहसील बंद व्हायची वेळ झालेली असते.