पिक द्या आणि तयार पोरगा घ्या, मी अजूनही ह्याच मताचा आहे

माँट्रियलमध्ये राहून आइस हॉकीवर बोलायचं आणि आमच्या माँट्रियल टीमच्या कर्बी डॉकचा विषय निघायचा नाही असं होतच नाही. डॉकचा गुडघा पुन्हा दुखावला की लगेच सुरू, बघा ह्याच्यासाठी 13 नंबरचा पिक (म्हणजे नवा पोरगा निवडायचा हक्क) शिकागोला घालवला, त्यात शिकागोने फ्रँक नझार घेतला, पिक कधी द्यायचेच नाहीत, भविष्य विकायचं नसतं वगैरे. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते एकदा नीट लिहायचं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगमध्ये, आयपीएलसारखा लिलाव नसतो, दर उन्हाळ्यात ड्राफ्ट असतो, 32 टीम, 7 राउंड आणि बहुतेक सगळी 18 वर्षांची पोरं. जी टीम तळाला तिचा नंबर साधारण आधी, अगदी वरच्या नंबरांसाठी लॉटरी. हा निवडीचा हक्क म्हणजे पिक, आणि टीम तो एकमेकींना देऊ शकतात, पुढच्या दोन-तीन वर्षांचासुद्धा. दुसऱ्या टीमचा खेळाडू नुसते पैसे मोजून मिळत नाही, वर सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा, त्यामुळे पिक हेच इथलं चलन.

आता प्रश्न असा की एखादा 21-22 वर्षांचा, आधीच एनएचएलमध्ये खेळणारा पोरगा मिळत असेल तर त्याच्यासाठी पिक द्यावा का? माझं म्हणणं द्यावा, पण तो पोरगा आज काय खेळतोय ते बघून द्यावा, कितव्या नंबरवर ड्राफ्ट झाला होता ते बघून नाही. आणि देताना कुठला पिक देतोय हे आपल्याला माहीत असावं. सगळी गडबड ह्या दोन ठिकाणीच होते.

26 जून 2015 ची रात्र घ्या, फ्लोरिडातल्या सनराईजमध्ये ड्राफ्ट होता. त्या दिवशी 15 आणि 16 हे लागोपाठचे दोन्ही पिक तरुण डिफेन्समनसाठी दिले गेले. कॅल्गरीने 15 वा आणि दुसऱ्या राउंडचे दोन पिक बॉस्टनला देऊन डगी हॅमिल्टन घेतला. एडमंटनने (म्हणजे ऑईलर्सनी) 16 वा आणि 33 वा न्यूयॉर्क आयलंडर्सना देऊन ग्रिफिन राईनहार्ट घेतला. हॅमिल्टन नुकताच 22 चा झालेला, पण बॉस्टनसाठी दोन-तीन सीझन खेळलेला, पहिल्या दोन जोड्यांत उभा राहणारा, म्हणजे काय मिळतंय ते डोळ्यांसमोर होतं. राईनहार्ट तोपर्यंत एनएचएलमध्ये फक्त 8 मॅच खेळला होता. मग त्याची किंमत एवढी कशी? तर तो 2012 चा 4 नंबरचा पिक होता, आणि एडमंटनच्याच ज्युनियर टीममध्ये, ऑईल किंग्जमध्ये, वाढला होता, 2014 चा मेमोरियल कप, ज्युनियर हॉकीतला मोठा कप, जिंकला होता. म्हणजे एडमंटनने तीन वर्षांपूर्वीचं लेबल विकत घेतलं. राईनहार्ट ऑईलर्ससाठी 29 मॅच खेळला, 2017 च्या एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये (नवी टीम जुन्या टीमांचे खेळाडू उचलते तो) व्हेगासने उचलला आणि पुन्हा एनएचएलमध्ये दिसलाच नाही. 16 व्या नंबरवर आयलंडर्सनी घेतला मॅथ्यू बार्झल, ज्याने 2018 मध्ये काल्डर ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम नवख्याचं बक्षीस, जिंकली.

पण गंमत म्हणजे लोक फक्त बार्झलचीच गोष्ट सांगतात. बॉस्टनचं काय झालं? त्यांच्याकडे 13, 14, 15 असे सलग तीन पिक होते आणि 15 व्या नंबरवर, म्हणजे हॅमिल्टनच्या बदल्यात आलेल्या पिकवर, त्यांनी झॅक सेनिशिन घेतला जो एनएचएलमध्ये टिकलाच नाही, आणि त्याच्या पाठोपाठ 16 बार्झल, 17 काईल कॉनर, 18 थॉमस शॅबो गेले. पिक म्हणजे भविष्य असेल तर हेही भविष्यच होतं ना? पिक हातात असताना आपण त्यात बार्झल बघतो, सेनिशिन कोणी बघत नाही, आणि म्हणून पिक नेहमी जास्त मौल्यवान वाटतो.

एडमंटनचा तो राईनहार्टचा सौदा करणारा जनरल मॅनेजर पीटर कियारेली, आणि सप्टेंबर 2009 मध्ये बॉस्टनकडून फिल केसल टोरोंटोला विकणाराही कियारेलीच. त्यात टोरोंटोने 2010 च्या पहिल्या आणि दुसऱ्या राउंडचे आणि 2011 च्या पहिल्या राउंडचा असे पिक दिले. केसल 21 वर्षांचा, आदल्या सीझनला 36 गोल मारलेला. टोरोंटोवाले मित्र आजही केसलला नावं ठेवतात आणि मला ते खरंच लागतं, कारण केसलने आपलं काम केलं, त्याने वर्षानुवर्षं गोल मारले, पुढे पिट्सबर्गबरोबर 2016 आणि 2017 असे दोन स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. चूक केसलमध्ये नव्हती, आपली टीम किती वाईट आहे हे ओळखण्यात होती. टोरोंटो त्या सीझनला शेवटून दुसरं आलं आणि दिलेला पिक 2 नंबरचा निघाला, टायलर सेगिन. 2011 चा पिक 9 नंबरचा निघाला, तो हाच डगी हॅमिल्टन. आणि 2011 मध्येच बॉस्टनने कप जिंकला, संघात सेगिन. सीझन सुरू व्हायच्या आधी स्वतःचे येणारे पिक कसलीही अट न घालता देणं, ही ती चूक. आता 'पहिल्या 10 मध्ये आला तर देणार नाही' अशा अटी घालतात त्या हीच चूक टाळायला.

आता आमच्या माँट्रियलच्या जनरल मॅनेजरकडे, केंट ह्यूजकडे बघा. 7 जुलै 2022, ड्राफ्ट आमच्याच बेल सेंटर स्टेडियममध्ये, स्लाफकोव्स्की पहिल्या नंबरवर घेतला त्याच रात्री त्याने अलेक्झांडर रोमानोव्ह आणि 98 वा पिक आयलंडर्सना देऊन 13 वा मिळवला, आणि तो 13 वा आणि 66 वा शिकागोला देऊन डॉक घेतला. पुढच्या वर्षी 31 आणि 37 नंबर (आणि एक होतकरू पोरगा) कोलोराडोला देऊन ॲलेक्स न्यूहुक. 2025 मध्ये 16, 17 आणि एमिल हाइनेमन देऊन नोआ डॉबसन. तिन्ही वेळा सौदा ड्राफ्टच्या तोंडावर, नंबर डोळ्यांसमोर, उद्या हा पिक 2 नंबरचा निघेल ही भीतीच नाही. आणि डॉबसनचा तो 16 नंबर मुळात कॅल्गरीचा होता, 2022 मध्ये त्यांना नाझेम काद्री ह्या नव्या खेळाडूसाठी कॅपमध्ये जागा करायची होती म्हणून त्यांनी शॉन मोनाहन आणि त्याचा पगार आपल्या गळ्यात घातला आणि वर हा पिक दिला. वाईट सीझनमध्ये दुसऱ्याचं ओझं उचलून पिक जमवायचे आणि वेळ आली की ते खेळाडूत बदलायचे, ह्याला भविष्य विकणं कसं म्हणणार?

डॉकबद्दल मी लपवाछपवी करणार नाही, 2019 चा 3 नंबर हे लेबल त्याच्यावरही होतंच आणि शिकागोत तो फार चमकला नव्हता. पण इथे पहिल्या सीझनला 58 मॅचमध्ये 38 पॉइंट्स (गोल आणि गोलला मदत मिळून) केले, सेंटर आणि विंग दोन्हीकडे खेळला. मग ऑक्टोबर 2023, सीझनची दुसरीच मॅच, तीही शिकागोविरुद्ध, आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ही दुखापत पिकमुळे झाली का? 22 वर्षांच्या पोराचं शरीर साथ देत नाही ह्याचं वाईट वाटायचं सोडून लोक त्याला तोट्याचा व्यवहार म्हणतात हे मला बघवत नाही.

अजून एक गोष्ट बघावी लागते, पोरगा राहणार आहे का. ओटावाने डॉकच्याच दिवशी 7 वा, 39 वा आणि पुढचा एक तिसऱ्या राउंडचा पिक देऊन शिकागोकडूनच ॲलेक्स डिब्रिंकॅट घेतला, आदल्या सीझनला 41 गोल, 24 वर्षांचा, कागदावर झकास. पण लांबचा करार झालाच नाही आणि वर्षभरात त्याला डेट्रॉइटला द्यावं लागलं. डॉबसनच्या बाबतीत सौद्याबरोबरच 8 वर्षांचा करार, वर्षाला 95 लाख डॉलर. हा फरक माझ्या मते पिकच्या नंबरापेक्षा मोठा आहे.

हो, आमचा डिफेन्समन लेन हटसन 62 नंबरवर मिळाला आणि काल्डर जिंकला, हे मला माहीत आहे, आणि म्हणून सगळे पिक वाटून टाका असं मी म्हणत नाही. पण सुझुकी, कॉफिल्ड, स्लाफकोव्स्की, हटसन हे आमचे मुख्य खेळाडू आत्ता खेळतायत. आज 16 नंबरवर घेतलेला डिफेन्समन पक्का व्हायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर सुझुकी तिशीला टेकलेला असेल.

आणि हे सौदे ह्यापुढे महागच होणार. कॅप 2025-26 ला 9.55 कोटी डॉलर, 2026-27 ला 10.4 कोटी, 2027-28 ला 11.35 कोटी अशी ठरलेली आहे. म्हणजे पैसे नाहीत म्हणून तरुण पोरगा सोडावा लागणाऱ्या टीम कमी होत जाणार, आणि जो सुटेल त्याच्यासाठी पहिल्या राउंडच्या दोन पिकवर भागेल असं मला वाटत नाही. ज्यांना डॉबसन महाग वाटला त्यांनी ही आकडेमोड एकदा करून बघा आणि मग खाली भांडायला या, मी आहेच.