इतकं घोटू नका
पहिला अल्बम मनासारखा होईपर्यंत बाहेर काढूच नये, हे लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. लिव्हरपूलच्या 'द लाज' या रॉक बँडचं काय झालं बघा. १९८७ साली रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि अल्बम आला थेट १९९० मध्ये. मधल्या काळात निर्माते बदलले, वादक बदलले, तीच ती गाणी पुन्हा पुन्हा रेकॉर्ड झाली. शेवटी निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट यांनी हाताशी होतं त्यातून अल्बम पुरा केला, तर बँडचे गायक-गीतकार ली मेव्हर्स यांनी तो जाहीरपणे नाकारला! त्यांच्या मनातला आवाज वेगळा होता, मान्य. पण हेडफोन लावून ऐका ना: ती किणकिणती गिटार, मेव्हर्सचा तो किंचित खरखरीत गळा. कुठे काय कमी आहे? दुसरा अल्बम मात्र कधी आलाच नाही, याची खरंच हळहळ वाटते.