पक्याच्या पिकअपचं डिझेल जातं कुठं?

काल रात्री साडेनऊला पक्या आळेफाट्याच्या कट्ट्यावर आला तो तणतणतच. त्याची २००९ची बोलेरो पिकअप. टोमॅटो भरून माळशेज उतरायचा, वाशीला खाली करायचं, रिकामी परत.

"आधी लिटरला बारा द्यायची, आता दहावर आलीय. भाडं काय पंपावरच ठेवून यायचं का?"

तीनशे किलोमीटरच्या फेरीला २५ लिटरच्या जागी ३० लिटर. त्याचं तणतणणं काही खोटं नव्हतं.

"दहा कशावरून?" मास्तरांनी विचारलं. ते रिटायर झाले तरी विज्ञानाचा तास काही संपलेला नाही.

"मीटरवरून."

"आणि मागचे टायर?"

"बदलले की दिवाळीत. जरा मोठे घातले."

मास्तर खुलले. मीटर फेरे मोजतं, रस्ता नाही. टायर ४ टक्के मोठं असेल तर गाडी १०० किलोमीटर पळते आणि मीटर ९६च दाखवतं. म्हणजे थोडं अ‍ॅव्हरेज नुसतं कागदावरच पडलेलं. आधी टाकी फुल कर, फेरी मार, त्याच पंपावर पुन्हा फुल कर, मग बोल. पक्याला हे पटलं नाही, पण त्यानं टायरकडे बघितलं खरं.

नानांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय. त्यांचा मंत्र एकच. "घाट लागला की न्यूटर. गाडी फुकट उतरती."

इथं बाळू फिटर उठूनच उभा राहिला. "फुकट नाही नाना! न्यूटरला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात, इंजिनला डिझेल देणारा पंप ते जवळपास बंद करतो."

"आमच्या गाड्यांना असलं काही नव्हतं."

"जुन्या पंपालाही डिझेल कमीजास्त करणारा गव्हर्नर होताच की!"

"मग बंदच करायचं इंजिन."

"आणि ब्रेक? पॅडल हलकं ठेवणारा व्हॅक्यूम इंजिनवर तयार होतो. दोनदा दाबलात की पॅडल दगड. माळशेजच्या वळणावर काय, उडी मारणार?"

नाना गप्प झाले, पण चहा अर्धा टाकून. त्यांचं म्हणजे हरले तरी हरत नाहीत. माझं मत बाळूच्या बाजूनं. अर्धा लिटर वाचवायला कोणी ब्रेक गहाण ठेवतं का?

मग बाळूनं विचारलं, "टेंपरेचरचा काटा कुठं असतो?"

"खालीच. कधी वर जात नाही. गेल्या उन्हाळ्यात गरम व्हायची, तर एका मेस्त्रीनं थर्मोस्टॅट, ते इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारं झाकण, काढून टाकला."

बाळूनं कपाळावर हात मारला. हा आपल्याकडचा आवडता इलाज. रेडिएटर साफ करायचा सोडून थर्मोस्टॅटच काढायचा. मग गाडी तापत नाही खरी, पण इंजिन थंडच पळतं, ऑइल जाड राहतं आणि डिझेल जास्त खातं.

पक्यानं खिशातून लोहचुंबक काढलं. डिझेलच्या पाइपला बांधायचं म्हणे, सहाशे रुपये. त्यावर चर्चा झाली नाही, हसणं झालं. रॉकेल मिसळण्याचा विषयही कोणीतरी काढला. पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, एवढं सांगून बाळूनं तोही मिटवला. रिकामं येताना ताशी ८० मारतोस, ताडपत्री फडफडत असते, असं मी म्हणालो. मास्तरांनी लगेच हिशोब केला: साठच्या मानानं ऐंशीला हवेचा अडसर पावणेदोन पट.

"साठनं आलो तर घरी पहाट होईल," पक्या म्हणाला. तेही खरंच.

शेवटी बाळू म्हणाला, बडबड पुरे, गाडी न्यूटरला टाक, हँडब्रेक सोड. टपरीपुढची जागा सपाट, गाडी रिकामी. मोकळी असेल तर दोघांनी ढकलली की सरकायला हवी. आम्ही चौघं लागलो. मास्तरांची चप्पल तुटली, गाडी जेमतेम हातभर हलली.

बाळूनं मागच्या दोन्ही रिमना हात लावला. पक्या नुकताच ओतूरहून आलेला. उजवी कोमट. डावीवरून त्यानं हात झटकन मागं घेतला.

"पावसाळ्यात हँडब्रेकची केबल गंजली असणार. ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला घासतायत. तू तीनशे किलोमीटर ब्रेक दाबून चालवतोयस, बाबा."

जॅक लावला, डावं चाक उचललं, हातानं फिरवलं. अर्धा फेरा होऊन थांबलं. कर्रर्र असा आवाज आला.

"न्यूटरमध्ये होतं ना?" नानांनी विचारलं.